घड्याळाविना नाडी

नर्सिंगच्या प्रवेशाची लेखी परीक्षा कुंदा गावितने सहज पार केली. घोडं अडलं ते तोंडी परीक्षेपाशी. वयाच्या अटीमुळे हा तिचा शेवटचा प्रयत्न होता, आणि समोर डॉक्टर हळबे बसले होते. सकाळपासून त्यांनी ओरडून ओरडून अकरा मुलींना रडवलं होतं.

"माझी नाडी मोज," ते कुंदावर गरजले. "मिनिटाला किती, ते सांग."

कुंदाने आपल्या रिकाम्या मनगटाकडे पाहिलं. परीक्षेच्या नियमाप्रमाणे सगळ्यांची घड्याळं फाटकावरच काढून घेतली होती.

"घड्याळ नाही? मग कसली नर्स होणार तू!" हळब्यांनी टेबलावर हात आपटला.

कुंदाने तोच हात अलगद धरला. दुसऱ्या हाताची बोटं तिने स्वतःच्या गळ्यावर ठेवली आणि डोळे मिटून मोजू लागली.

"सर, माझी नाडी मिनिटाला बहात्तर. गावातल्या आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर रोज मोजायला लावायच्या. आत्ता माझे बहात्तर ठोके होईस्तोवर तुमचे एकशे आठ झाले."

"काहीतरीच! आज घाबरून तुझीच नाडी जोरात पळत असेल."

"मग तुमची त्याहून जोरात पळतेय, सर. आधी शांत बसा."

परीक्षेला हळब्यांशेजारी बसलेल्या मेट्रनबाईंनी पाण्याचा पेला डॉक्टरांपुढे सरकवला आणि यादीत कुंदाच्या नावापुढे बरोबरची खूण केली.