नको म्हणणारा पाहुणा

साताऱ्याच्या नानासाहेब टिकेकरांचं मंगल कार्यालय पंगतीतल्या आग्रहासाठी नावाजलेलं. पण कुठल्याशा परिषदेहून परतल्यापासून नानांच्या डोक्यात कृत्रिम बुद्धिमत्ता शिरली. "काय हवं ते आता पंगतीत यंत्रच विचारेल, वाढायला एखादं माणूस पुरे. वाढप्यांना उद्यापासून रजा!"

कारभार पाहणाऱ्या त्यांच्या सुनेला, शाल्मलीला हे पटलं नाही. वाढपी सगळे घरच्यासारखे. पण नानांशी वाद घालून कुणाचं कधी भलं झालं नव्हतं. ती म्हणाली, "बरं नाना, पहिली पंगत तुमचीच."

नाना ऐटीत पाटावर बसले. पानाशेजारी यंत्र, वाढायला शाल्मली.

"जिलबी वाढू का?" यंत्राने गोड आवाजात विचारलं.

"छे छे, पुरे!" नानांनी सवयीने पानावर हात आडवा धरला, बोटं मात्र फाकवून.

"ठीक आहे," यंत्र म्हणालं. शाल्मली ताट घेऊन पुढे निघाली. मसालेभात आणि मठ्ठाही तसाच गेला.

नाना कडाडले, "अगं, नको म्हटलं म्हणून कुणी वाढायचं थांबतं का?"

"यंत्राने तुमचं ऐकलं, नाना. आपल्या वाढप्यांनी आजवर एकाही पाहुण्याचं ऐकलेलं नाही, म्हणून तर लोक आपल्याकडे येतात."

नाना खो खो हसले. "मग या यंत्राचं करू काय?"

"किती शिजवायचं याचा अंदाज त्याला बांधू दे. अन्न वाया जाणार नाही."

"लाव कामाला! आणि यशवंताला बोलव."

यशवंता वाढपी जिलब्या घेऊन धावत आला.

"नको रे, पुरे!" नाना म्हणाले.

यशवंताने ऐकलं नाही.