निम्म्या बांधावरची नजर

पूर्वी शिलापूर नगरात दृढवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व मातीकाम करणाऱ्या एका बेलदाराच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव खेमक. माती चिमटीत घेऊन तिची ओल सांगावी, तर त्यानेच.

नगराच्या माथ्यावर एक मोठे तळे होते आणि त्याला मातीचा लांबलचक बांध होता. बांधाच्या पश्चिम टोकाखाली नुसते माळरान, पूर्व टोकाखाली मात्र सखल पेठेतली तीनशे घरे. पूर्व टोकावरच तळ्याच्या यक्षाचा चौथरा होता. तिथे रोज भाताचा नैवेद्य पडे आणि चौथऱ्याभोवती वीस पावलांत कोणी कुदळ लावीत नसे. बांधाच्या राखणदाराने कमरेइतक्या पाण्यात उभे राहून शपथ घ्यायची, ‘हयगय केली तर यक्ष माझा वंश बुडवो,’ अशी तिथली रीत होती.

तळ्याचा अधिकारी सोणदत्त हा जन्माचा काळजीखोर. भरल्या ताटावर बसून उद्याच्या उपासाची चिंता करणारा माणूस! त्यातून त्या वर्षी त्याची एकुलती एक लेक उत्पला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि सोणदत्ताचे घर सखल पेठेत, बांधाच्या अगदी पायथ्याशी होते.

म्हातारा राखणदार वारला, तेव्हा सोणदत्ताने दोन नवे नेमले. भद्दकाने खणखणीत आवाजात शपथ घेतली. खेमक मात्र पाण्यात उतरलाच नाही.

तो म्हणाला, “धनी, यक्ष आहे की नाही मला ठाऊक नाही. जे ठाऊक नाही त्याची शपथ घेतली, तर कामाला लागायच्या आधीच मी खोटं बोललो असं होईल.”

लोकांत कुजबुज झाली. ज्याला देवाचा धाक नाही, त्याला धाक तरी कशाचा? सोणदत्तालाही तो प्रश्न खाऊ लागला. पण बांधाची माती खेमकाइतकी कोणाला कळत नव्हती. शेवटी त्याने युक्ती काढली. पेठेवरचे पूर्व टोक शपथ घेतलेल्या भद्दकाकडे दिले, माळावरचे पश्चिम टोक खेमकाकडे. एवढे करून तरी त्याला झोप लागावी! तो रोज पहाटे उठे आणि पश्चिम टोकावर जाऊन खेमकावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवी. भद्दकाकडे तो कधी फिरकला नाही. तिथे यक्ष होता, शपथ होती, सगळे कसे चोख होते.

खेमक रोज बांधाच्या बाहेरच्या अंगाला पायथ्याशी वाके, पाझराचे पाणी ओंजळीत घेई आणि उजेडात धरून पाही. आपले टोक संपले की तो पूर्वेकडेही तसाच वाकत जाई. सोणदत्ताला वाटे, हा माझ्या घराकडे का बरे येतो?

उत्पलेला मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी खेमक सोणदत्तासमोर ओंजळ घेऊन उभा राहिला.

“धनी, हे चौथऱ्याखालच्या पाझराचं पाणी. नितळ पाझराचं भय नसतं, पण हा गढूळ आहे. म्हणजे आतून माती वाहते आहे. नैवेद्याच्या भाताला घुशी लागल्यात, त्यांनी बांध पोखरला असणार. चौथरा उकरून पाहू द्या.”

सोणदत्त पेचात पडला. यक्षाची जागा उकरावी, तर तीन दिवसांच्या नातवावर कोप व्हायचा. न उकरावी, तर पाणी. इकडे आड, तिकडे विहीर. त्याने भद्दकाला विचारले. भद्दक हात जोडून म्हणाला, “देव तारी त्याला कोण मारी! मी नैवेद्य एक दिवस चुकवलेला नाही.” आणि ते खरेच होते. माणूस लबाड नव्हता. यक्ष बांध राखतो, आपण यक्षाला राखायचे, अशी त्याची भाबडी समजूत होती.

सोणदत्त म्हणाला, “पाचवी होऊ दे, मग पाहू.”

पाचवीच्या दुपारी बांधाच्या पायथ्याशी मनगटाएवढी गढूळ धार फुटली. सोणदत्त धावत वर पोचला. खाली त्याच्या अंगणात पाट मांडलेला दिसत होता. भद्दक चौथऱ्यापुढे डोळे मिटून उभा होता. खेमक मात्र पश्चिमेकडून गवताचे भारे ओढीत येत होता.

“बाहेरून बुजवून उपयोग नाही,” तो म्हणाला. “पाण्याच्या अंगाला बिळाचं तोंड शोधायला हवं. धनी, चौथऱ्याचे दगड द्या.”

त्याने कमरेला दोर बांधला आणि दुसरे टोक भद्दकाच्या हातात दिले. पाण्याची ओढ अशी होती की दोर सुटला तर माणूस बिळाच्या तोंडाशी अडकून मरावा. खेमक एवढेच म्हणाला, “भद्दका, सोडू नकोस.” त्याने शपथ मागितली नाही.

सोणदत्ताने यक्षाची क्षमा मागितली, आणि स्वतःच चौथऱ्यावर पहिला घाव घातला. दगड आणि गवत खाली जात राहिले. खेमक बुडे, वर येई, पुन्हा बुडे. एकदा तो इतका वेळ आला नाही की सोणदत्त मोठ्याने रडू लागला. भद्दकाचे तळवे सोलून रक्त आले, तरी त्याने दोर सोडला नाही. ऊन कलता कलता धार बारीक झाली, मग नितळ झाली. खाली कोणाची चूलसुद्धा विझली नाही.

खेमक काठावर धापा टाकीत पडला होता. सोणदत्त त्याच्याशेजारी चिखलातच बसला.

“तुला कोणाचा धाक नव्हता, शपथ नव्हती, टोकही तुझं नव्हतं. मग का उतरलास?”

खेमकाला प्रश्नाचेच नवल वाटले. “खाली माणसं राहतात, धनी.”

सोणदत्ताची मान खाली गेली. “मी रोज तुझ्यावर नजर ठेवीत होतो रे.”

“ठेवलीत ते बरंच केलंत,” खेमक हसून म्हणाला. “फक्त निम्म्याच बांधावर ठेवलीत.”

पुढे यक्षाचा चौथरा बांधापासून दूर, वडाखाली बांधला गेला. भद्दक तिथे पूर्वीच्याच भक्तीने नैवेद्य ठेवी आणि रोज पहाटे खेमकाबरोबर पाझराचे पाणी ओंजळीत घेऊन पाही. शपथ ज्याला घ्यायची तो घेई.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, “त्या वेळचा भद्दक आज आपल्या संघात पाणी भरतो, आणि अजूनही हातातले काम सोडीत नाही. त्या वेळची उत्पला म्हणजे समोर बसलेली ही म्हातारी उपासिका. ज्या गृहस्थाने काल मला विचारले, ‘श्रद्धाहीनाच्या शीलावर विश्वास कसा ठेवावा?’ तोच त्या वेळचा सोणदत्त. खेमक मीच होतो. करुणा जागी राहिली की तिला अप्रमाद, म्हणजे सावधपणा, म्हणतात. ती श्रद्धावंताच्या ठायी असते, श्रद्धा नसलेल्याच्याही ठायी असते, आणि दोघांच्याही हातून निसटू शकते.”

तो गृहस्थ मागच्या रांगेत बसला होता. तो उठून पुढे आला आणि त्याने शास्त्यांना वंदन केले.