मधोमध तुटलेला जनुकराव

शके १८९८ च्या भाद्रपदात, गोदामातल्या एका उंदराच्या यकृतात, एका पेशीत जनुकराव गादीवर बसून असे. स्वतः काडी हलवत नसे. तो चिठ्ठी लिहून बाहेर पाठवी आणि त्या चिठ्ठीबरहुकूम सांध्या नावाची प्रथिनं घडत. पेशीतले तुटलेले धागे जोडणं हे त्यांचं काम.

"तुम्ही दोन दिवसांचे गडी," जनुकराव त्या सांध्यांना म्हणे, "आम्ही पिढीजात!"

एकदा उंदराने बुरशी लागलेले शेंगदाणे खाल्ले. त्या बुरशीच्या विषाने खुद्द जनुकरावच मधोमध तुटला. पेशी मरणाला टेकली. एक म्हातारा सांध्या धावत आला.

"थांब! हात लावण्याआधी घराणं सांग."

"तुमच्याच चिठ्ठीतून झालो, मालक. आता हलू नका."

त्याने टोकाला टोक जुळवलं आणि जन्माचं ऋण फेडलं.