संध्याकाळचं औषध

"मग केव्हा येऊ मी, बाई?"

संन्यास घेऊन मठात कायमचं केव्हा येऊ, हा उकंडरावांचा प्रश्न तिथल्या साऱ्यांना पाठ झाला होता. बाई म्हणजे मठातल्या सगळ्यांत वृद्ध संन्यासिनी. एरवी त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. आज त्या उकंडरावांच्याच घरी भिक्षेला आल्या होत्या, त्यामुळे सुटका नव्हती.

"घरी कोण हाये तुह्या?" बाईंनी विचारलं.

"आई. अंथरुणाला खिळली आहे. पण तिचा अडसर नाही. चुलतभावाची सून करील तिचं, बोलून ठेवलंय मी. मी सगळं करतो बाई, पण मन कशात नाही. आसक्ती म्हणून उरलीच नाही."

उकंडराव पोस्टातून निवृत्त झाले होते. हे सांगताना त्यांची ऐट अशी होती, की आसक्ती सोडल्याबद्दल खात्यानं बढतीच दिली असावी.

"दाखव," बाई म्हणाल्या.

"काय?"

"मन न लावता जे करतं ना तू, ते."

सकाळच्या औषधाची वेळ झालीच होती. आई खाटेवर पडून होती. अर्धं अंग गेलेलं, वाचा गेलेली, आणि अधूनमधून झटके यायचे. झटके थांबवणारं लाल, पातळ औषध अमरावतीहून यायचं, तेही मिळालं तर. एक वेळ कमी पडलं तरी दिवस मावळेपर्यंत झटका ठरलेला.

उकंडरावांनी बाटलीच्या तोंडात बिनसुईची सिरिंज बसवली, बाटली उलटी धरली आणि दट्ट्या सावकाश ओढला. औषधाबरोबर एक बुडबुडाही आत आला.

"हा पाहा चोर! जागा अडवतो, अन् तेवढं औषध कमी भरतं. लोक याला बाहेर उडवतात. त्याच्यासोबत औषधही उडतं. मी याला परत बाटलीत धाडतो."

त्यांनी टिचकी मारली. बुडबुडा वर सरकला. दट्ट्या हलकेच दाबताच तो बाटलीत गेला. त्यांनी पुन्हा औषध ओढलं, अगदी रेघेपर्यंत.

"पाजून झालं की यातच थोडं पाणी ओढतो अन् तेही पाजतो. नळीला लागलेलंसुद्धा पोटात जातं. थेंब वाया जात नाही, बाई."

"आवडते तुले हे?"

"छे! कर्तव्य."

बाईंनी हात पुढे केला.

"मले ओढू दे."

गुरूला नाही कसं म्हणायचं? उकंडरावांनी औषध परत बाटलीत सोडलं आणि दोन्ही वस्तू बाईंच्या हाती दिल्या.

बाईंनी दट्ट्या एका झटक्यात ओढला. चांगला मोठा बुडबुडा आत आला. त्यांनी सिरिंज बाटलीतून काढली, वर धरली आणि दाबली.

लाल चिळकांडी उडाली ती थेट आईच्या गालावर.

"अवं बाई! काय केलं हे!" उकंडराव ओरडले. "हात थरथरते तं घेता कायले? जीव हाये तिचा त्याच्यात… जीव!"

ज्यांच्यापुढे आजवर मान वर केली नव्हती, त्यांच्यावरच ते खेकसले होते.



उकंडरावांनी आईच्या गालावरचं औषध बोटानं निपटलं आणि बोट तिच्या तोंडात घातलं. आईनं ते बोळक्या तोंडात धरलं. औषध संपलं तरी सोडलं नाही.

ओढून घेतलं असतं, तर बोट सहज निघालं असतं. त्यांनी ते ओढलं नाही.

त्यांच्या आधीची लेकरं जगली नव्हती. म्हणून हे जन्मले तेव्हा आईनं त्यांना उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचललं होतं, देवाची नजर पडू नये म्हणून. उकंडा हे नाव त्यावरूनच आलं. आता ती तशीच त्यांच्याकडे पाहत होती, कुणी उचलून नेईल की काय अशा नजरेनं.

उरलेलं औषध पाजलं. कमी पडलं तेवढं पुन्हा ओढलं. शेवटी पाणीही ओढून पाजलं. मग ते खाटेशी खाली मान घालून बसले. इतकी वर्षं उराशी धरलेला मठ आज हातचा गेला, हे त्यांना कळून चुकलं होतं.

"चुकलं माझं, बाई… आता नाही ना घेणार तुम्ही मला?"

बाई आईच्या तोंडाकडेच पाहत होत्या.

"मी मठात आली, तवा माही माय भाकर थापत होती," त्या म्हणाल्या. "वळून पाह्यलं नाई मी. लई ऐट होती."

"मग?"

"गेली. पुढच्या उन्हाळ्यात कळलं मले… शेवटचं पाणी कोणं पाजलं, अजून मालूम नाई."

त्यांनी झोळी उचलली. भिक्षा घ्यायची राहिलीच होती, पण ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. उंबऱ्याशी जाऊन बाई थांबल्या. पाठमोऱ्याच.

"उकंडा… संध्याकाळचं औषध कवा देतं तू?"

"दिवे लागले की. का, बाई?"

"मग… कवा येऊ मी?"