सबनिसांचं गजराचं घड्याळ

“यंत्र कधी खोटं बोलतं का, बाई?”

हृषीकेश सबनीसने हे विचारलं, ते उत्तर हवं होतं म्हणून नव्हे. बाईंनी नुसती मान डोलवावी, एवढ्यासाठी तो साताऱ्याहून वाईला आला होता. रेगेबाईंनी त्याला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं होतं. त्यांचा शब्द त्याच्या लेखी अखेरचा.

त्याला जुन्या वस्तू जमवायचा नाद. हिरव्या काचेच्या वाट्या, लष्करी घड्याळं, होकायंत्रं. अशा काही वस्तूंतून किरणोत्सर्ग होतो, असं कुठेतरी वाचलं आणि त्याने तो मोजायचं मीटर मागवलं. आपला संग्रह तपासून झाला, तसा तो शेजाऱ्यांकडे शिरला. लोक घाबरून चांगल्या वस्तू टाकू लागले आणि त्याला सर म्हणू लागले.

पण मीटर सगळ्यांत जोरात वाजलं ते त्याच्याच घरात, वडिलांच्या उशाशी.

गजराचं जुनं घड्याळ होतं ते. अंधारात चमकणारे रेडियमचे आकडे. पूर्वी त्याला किल्ली द्यायचं काम आईचं. ती गेल्यापासून वडील द्यायचे, न चुकता. हृषीकेशने ते तिथून उचललं आणि पत्र्याच्या डब्यात घातलं.

तो डबा आता बाईंच्या टेबलावर होता.

बाईंनी घड्याळ बाहेर काढायला लावलं. काच कुठे तडकलेली नाही ना, ते वाकून पाहिलं. मग मीटर काचेला टेकवायला सांगितलं. कडकड सुरू झाली.

“पाहिलंत?”

बाई त्याच्या हातातलं मीटर घेऊन मागे मागे सरकत गेल्या... कडकड विरळ होत गेली. दारापाशी नुसतं टक... टक... उरलं.

“हे घड्याळाचं वाजतंय?” त्यांनी विचारलं.

“नाही. एवढं सगळीकडेच असतं. मातीतून येतं, भिंतीतून, आकाशातून.”

“बरं. बाबांच्या उशीवर किती वाजलं?”

हृषीकेशने दर वेळी काचेला टेकवूनच मोजलं होतं. उशीवर मीटर ठेवून पाहावं, हे त्याला सुचलंच नव्हतं.

बाईंनी मग साध्या शब्दांत सांगितलं, की घड्याळ उघडू नये, काच फुटू देऊ नये, आणि उशाशी नको वाटत असेल तर समोरच्या फळीवर ठेवावं. काळजी घेतली यात काही चुकलं नाही, असंही त्या म्हणाल्या. त्याला जरा बरं वाटलं.

“घड्याळ उचललंस तेव्हा बाबा काय म्हणाले?”

“काहीच नाही.”

“आणि नंतर?”

“नंतरही नाही... हल्ली ते फारसं बोलतच नाहीत. म्हणजे त्यांची हरकत नसावी.”

त्याने मीटर परत घेतलं आणि निघायच्या तयारीने बटण दाबून बंद केलं. टकटक थांबली. खोली एकदम निवांत झाली.

बाईंनी त्या मुक्या मीटरकडे बोट दाखवलं.

“थांबला का रे किरणोत्सर्ग?”