चुनूबाईची केरसुणी

या रे बाळांनो, मांडीवर बसा आणि ऐका.

एक होती चिचुंद्री. नाक लांब, डोळे बारीक. नाव तिचं चुनूबाई. तिला चार पिल्लं. पहिलं धरायचं आईची शेपटी, दुसरं पहिल्याची, तिसरं दुसऱ्याची, चौथं तिसऱ्याची. मग निघायची सगळी. चुटुचुटु, चुटुचुटु.

चुनूबाईनं नवं काम काढलं. घरं झाडून-पुसून द्यायची. सामान काय? गवताची एक केरसुणी. बस्स.

पहिलं बोलावणं आलं कोंबडीमावशीचं. मार्गशीर्षातला गुरुवार होता. संध्याकाळी मावशीकडे लक्ष्मीची पूजा. पण मावशीला काही झाडता येईना. झाडायला गेली, की पाय आपले उकरायलाच लागायचे. केर होता त्याहून दुप्पट व्हायचा. तिनं निरोप धाडला, ये गं बाई, पण दिवे लागायच्या आत ये. दिवे लागले, की केर काढायचा नाही. लक्ष्मी घरात यायची वेळ ती.

चुनूबाई हरखली. केरसुणी घ्यायला अंगणात गेली. तर तिथे बकरी. कर्रम कुर्रम, कर्रम कुर्रम. बकरीला वाटलं, गवतच आहे. केरसुणी गेली पोटात. बकरी ओशाळली, बें म्हणाली. पण आता काय उपयोग?

घर झाडलं नाही, तर मावशीची पूजा केरात होणार. आणि चुनूबाईला पुन्हा कोण बोलावणार?

ऊन अंगणात होतं. चुनूबाई निघाली. मागे चार पिल्लं. चुटुचुटु, चुटुचुटु. आलं शिंदीचं झाड.

"शिंदीताई, शिंदीताई, पाती दे.
पात्यांची करीन केरसुणी,
केरसुणीनं झाडीन घर,
दिवे लागायच्या आत."

शिंदीताई म्हणाली, "देते की गं. पण मुळं सुकलीत माझी. आधी पाणी आण."

चुटुचुटु, चुटुचुटु. आली विहीर.

"विहीरबाई, विहीरबाई, पाणी दे.
पाणी देईन शिंदीताईला,
शिंदीताई देईल पाती,
पात्यांची करीन केरसुणी,
केरसुणीनं झाडीन घर,
दिवे लागायच्या आत."

विहीरबाई म्हणाली, "घे की. पण नेशील कशातून? नाकातून? आधी बोळकं आण."

ऊन भिंतीवर चढलं. चुटुचुटु, चुटुचुटु. आला कुंभारदादा.

"कुंभारदादा, कुंभारदादा, बोळकं दे.
बोळकं नेईन विहीरबाईकडे,
विहीरबाई देईल पाणी,
पाणी देईन शिंदीताईला,
शिंदीताई देईल पाती,
पात्यांची करीन केरसुणी,
केरसुणीनं झाडीन घर,
दिवे लागायच्या आत."

कुंभारदादा म्हणाला, "देतो की. पण हात बघ माझे, नुसता चिखल. आधी फडकं आण."

चुटुचुटु, चुटुचुटु. आले शिंपीकाका.

"शिंपीकाका, शिंपीकाका, फडकं द्या.
फडकं देईन कुंभारदादाला,
कुंभारदादा देईल बोळकं,
बोळकं नेईन विहीरबाईकडे,
विहीरबाई देईल पाणी,
पाणी देईन शिंदीताईला,
शिंदीताई देईल पाती,
पात्यांची करीन केरसुणी,
केरसुणीनं झाडीन घर,
दिवे लागायच्या आत."

शिंपीकाका म्हणाले, "देतो की. पण फडकी सगळी तेलकट. मळकं मी कुणाला देत नाही. धुवायला आधी रिठे आण."

ऊन कौलांवर चढलं. चुटुचुटु, चुटुचुटु. आलं रिठ्याचं म्हातारं झाड.

"रिठेआजोबा, रिठेआजोबा, रिठे द्या.
रिठे देईन शिंपीकाकांना,
शिंपीकाका देतील फडकं,
फडकं देईन कुंभारदादाला,
कुंभारदादा देईल बोळकं,
बोळकं नेईन विहीरबाईकडे,
विहीरबाई देईल पाणी,
पाणी देईन शिंदीताईला,
शिंदीताई देईल पाती,
पात्यांची करीन केरसुणी,
केरसुणीनं झाडीन घर,
दिवे लागायच्या आत."

रिठेआजोबा म्हणाले, "रिठे खालीच पडलेत, बाळ. पण पाचोळ्याखाली गेलेत. आधी पाचोळा झाड."

चुनूबाई म्हणाली, "आजोबा, कशानं झाडू? केरसुणी असती, तर इथवर आले असते का?"

आणि ती मटकन खाली बसली. तिनं डोळे मिटले, लक्ष्मीमातेला मनातल्या मनात हाक मारली. डोळे उघडले, तर नाकासमोर एक पान.

चुनूबाईनं पानाकडे पाहिलं. धूळ झाडावी लागते. पान कशाला झाडायला हवं? पान तर तोंडात धरता येतं.

"सोडा रे शेपट्या," ती म्हणाली. "एकेक पान धरा."

एक पान आईनं, चार पानं पिल्लांनी. सळसळ सळसळ. पुन्हा पाच पानं. सळसळ सळसळ. पाचोळा गेला कुंपणाशी. खाली रिठेच रिठे, तपकिरी, गोल गोल. आजोबा खूश झाले. वरून आणखी चार टाकले. टप टप टप टप.

रिठे दिले शिंपीकाकांना. काकांनी दोन घेतले, बाकीचे तुलाच ठेव म्हणाले. फस फस फेस झाला, फडकी स्वच्छ झाली. कुठलं हवं, विचारलं. एक होतं रेशमी, चकचकीत. पिल्लांना तेच हवं होतं. पण रेशीम पाणी कुठं पितं? चुनूबाईनं जाडंभरडं सुती घेतलं.

फडकं दिलं कुंभारदादाला. दादानं हात पुसले, फडकं परत दिलं. मग मोठ्ठा माठ पुढे केला आणि हसला. तो माठ कसला, चुनूबाईचं घरच झालं असतं. तिनं घेतलं इवलंसं बोळकं.

बोळकं नेलं विहीरबाईकडे. बुडुक बुडुक, भरलं पाणी. फडकंही खळबळून झालं.

पाणी दिलं शिंदीताईला. गट गट गट. शिंदीताईनं अंग झाडलं, पाती पडली. लांब पाती पायात येतात. चुनूबाईनं आखूड आखूड निवडली, गच्च बांधली. झाली केरसुणी.

चुटुचुटुचुटुचुटु. वाटेत बोळकं पुन्हा भरून घेतलं. ऊन आता फक्त झाडांच्या शेंड्यावर.

मावशी दारात उभी. समईत तेल, तेलात वात, चोचीत काडी. शेजारची बदकीण म्हणत होती, ती काही आता येत नाही, लाव दिवा. मावशी म्हणत होती, अजून शेंड्यावर ऊन आहे, येईल माझी चुनूबाई.

आलीच. केरसुणी घेऊन तशीच आत धावली. मावशीनं अडवलं.

"थांब गं. नवी केरसुणी, लक्ष्मीच ती. आधी हळदकुंकू."

मावशीनं चोचीनं हळद लावली, कुंकू लावलं. चुनूबाईनं केरसुणीला नमस्कार केला. मग मात्र खराक खराक, खराक खराक. कोपरे झाडले, खुराडं झाडलं, केर बाहेर नेला. बोळक्यात रिठा घुसळला, फडकं बुडवलं. फरशी पुसली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

शेंड्यावरचं ऊन गेलं.

मावशीनं दिवा लावला. पुसलेल्या फरशीत दुसरा दिवा दिसला.

पूजा झाली. मावशीनं पाट मांडला आणि त्यावर आधी चुनूबाईला बसवलं. पहिलं हळदकुंकू तिला, पहिली खिरीची वाटी तिला. पिल्लांच्या तोंडात गूळखोबरं.

मावशी म्हणाली, "आता दर गुरुवारी तूच यायचं."

बदकीण मान वेळावत म्हणाली, "आणि शुक्रवारी माझ्याकडे. माझ्या घरी चिखल फार असतो हो."

चुनूबाई हसली. खीर पिऊन टाकली. भुरुक.

तिच्या हातांना यश आलं, तसं माझ्या बाळांच्या इवल्या इवल्या हातांना येवो.