चाक टेकतं तिथे

एकदा एका उस्तादांकडे एक तरुणी आली आणि म्हणाली, "मला मोटारसायकल एका चाकावर चालवायला शिकवा."

उस्ताद वयोवृद्ध होते. तारुण्यात त्यांनी गावोगावच्या जत्रांमधून मोटारसायकलच्या कसरती केल्या होत्या आणि आता शहराबाहेरच्या एका बंद जिनिंग मिलच्या पटांगणात ते निवडक शिष्यांना ती विद्या देत. विद्या हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. पुढचं चाक हवेत उचलून मागच्या चाकावर गाडी नेण्याला ही मंडळी 'व्हीली' म्हणतात, आणि आपण सभ्य माणसं त्या नावानेच नाक मुरडतो. रस्त्यावर केली तर मुरडावंच. उस्ताद स्वतः रस्त्यावर चाक उचलणाऱ्या शिष्याला त्याच दिवशी हाकलून देत. परंतु मोकळ्या पटांगणात, हेल्मेट घालून, गुरूच्या नजरेखाली जे चालतं त्याला साधना म्हणायला माझी काही हरकत नाही.

तरुणी जिद्दीची होती. पडली, कोपरं सोलून घेतली, पुन्हा गाडीवर बसली. क्लच कधी सोडायचा आणि रेस किती द्यायची हे हळूहळू तिच्या अंगात भिनलं. चाक पहिल्यांदा जमिनीवरून सुटलं तेव्हा ती एवढ्या जोरात ओरडली की मिलच्या छपरावरची सगळी कबुतरं उडाली. त्या दिवशी घरी जाताना तिचे पाय जमिनीवर नव्हते, आणि ते तिला शोभतही होतं.

त्या शहरात दरवर्षी कसरतींचा मेळा भरत असे. उस्ताद ज्याचं नाव पाठवतील तोच त्यांचा शिष्य म्हणून मैदानात उतरे. नाव पाठवण्याआधी त्यांची एक ठरलेली रीत होती. शिष्याच्या गाडीच्या पुढच्या टायरला ते ओला चुना फासत, त्याला चाक उचलायला सांगत, आणि जिथे ते पुन्हा जमिनीला लागे तिथे जाऊन उकिडवे बसत. चुना अंतर कळण्यासाठी असतो, असं सगळे शिष्य धरून चालत. तरुणीनेही तेच धरलं. एकदा उस्तादांनी "शाबास" म्हणावं आणि आपलं नाव पाठवावं, यापलीकडे तिला काही नको होतं.

चाचणीच्या दिवशी तिने कमाल केली. मिलच्या एका भिंतीजवळ उचललेलं चाक तिने थेट दुसऱ्या भिंतीजवळ आणलं. बाकीच्या शिष्यांनी शिट्ट्या मारल्या. मेळ्याचा खर्च करणारा, मोटारसायकलींच्या शोरूमचा मालक असलेला एक व्यापारी मुद्दाम बघायला आला होता, त्याने उभं राहून टाळ्या वाजवल्या. तरुणीने हेल्मेट काढून उस्तादांकडे बघितलं. ते मान खाली घालून जमीन न्याहाळत होते.

"आज नाव पाठवत नाही," ते म्हणाले.

"उस्ताद, मी त्या भिंतीपासून या भिंतीपर्यंत आले! तुम्ही बघितलंत तरी का?"

"नाही बघितलं."

"कळलं. मला गर्व झाला, म्हणून ना?"

अशा गोष्टींत या जागी गुरू हमखास नम्रतेवर बोलू लागतो. हे उस्ताद त्यातले नव्हते.

"गर्व? कर की! गर्व नसलेला माणूस या गाडीवर बसेल कशाला? पण कशाचा करतेस ते तरी नीट बघ. ये इकडे."

जमिनीवर चुन्याचा एक मोठा शिंतोडा उडाला होता आणि त्यापुढे वेडीवाकडी पांढरी रेघ गेली होती.

"तुझं चाक इथे आदळलं. तेही तिरकं. पटांगण मोकळं होतं म्हणून सावरलीस, मेळ्यात दोरीपलीकडे माणसं असतात. आता मला सांग, चाक वर कुणी नेलं?"

"मी."

"इंजिनाने नेलं. रेस दिली की त्याला न्यावंच लागतं. तुझ्या जागी पिठाचं पोतं बांधलं असतं, तरी चाक उचललं गेलं असतं. खाली आणणं हे माणसाचं काम, आणि तेवढंच तू केलं नाहीस. भीती वाटली तशी रेस सोडून दिलीस आणि पुढचं सगळं जमिनीवर सोपवलंस. उजवा पाय कुठे होता तुझा?"

तिने आठवून बघितलं. पाय मागच्या ब्रेकपासून दूर, हवेत लोंबत होता.

"पण उस्ताद, चाक वर असताना ब्रेक दाबला तर मी उलटी पडेन ना?"

"सगळ्यांना असंच वाटतं, म्हणून सगळे पाय काढून घेतात. मागचा ब्रेक हलकेच दाबून बघ, चाक मुकाट्याने खाली येतं. टेकायच्या आधी थोडी रेस दे, म्हणजे ते आदळणार नाही. वर राहिलीस म्हणून लोक टाळ्या देतील, त्या खुशाल घे. पण तुझ्या मनात येईल तेव्हा, सरळ आणि अलगद उतरशील, तो गर्व तुझा स्वतःचा. तो कुणी टाळी वाजवली म्हणून मिळत नाही आणि नाही वाजवली म्हणून जात नाही."

ती त्या दिवशी रडली. मेळ्याला अजून अवकाश होता. दुसऱ्या दिवसापासून तिने लांब पल्ला सोडून दिला आणि चाक जरासं उचलायचं, ब्रेक दाबायचा, टेकवायचं, हेच धरलं. बघणारे कंटाळून निघून जात. अखेर एका सकाळी चुन्याची रेघ रांगोळीच्या रेघेसारखी सरळ उमटली. उस्तादांनी त्याच दिवशी तिचं नाव पाठवलं.

मेळ्यात व्यापाऱ्याने तिला बजावलं होतं, "पार टोकापर्यंत चाक खाली आणू नकोस. लोकांना तेच हवं असतं." तिने चाक उचललं आणि मैदान दणाणून गेलं. ती निम्म्यावर आली असेल नसेल, तोच पलीकडच्या टोकाला दोरीखालून एक कुत्रं आत घुसलं. प्रेक्षकांचे डोळे तिच्या चाकावर होते, कुत्रं कुणी बघितलंच नाही. तिने बघितलं. उजवा पाय हलकेच खाली गेला, चाक उतरलं आणि असं टेकलं की आवाजसुद्धा झाला नाही. गाडी कुत्र्याच्या पुष्कळ अलीकडे थांबली.

लोकांना वाटलं, हिला जमलं नाही. "अरेरे!" असा एक सूर उठला, कुणीतरी हुर्योही केली. तरुणीने हेल्मेट काढलं. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. हुर्यो करणाऱ्यांकडे बघून ती मनापासून हसली, आणि ताठ मानेने गाडी ढकलत उस्तादांच्या खुर्चीसमोरून, मान न वळवता, निघून गेली.

शेजारी बसलेला व्यापारी चिडला. "निम्म्यावरच चाक टाकलं, आणि वर हा तोरा! उस्ताद, तुमच्याकडे तिने वळूनसुद्धा बघितलं नाही हो. पोरीला भलताच गर्व झालाय."

उस्तादांनी भरून आलेले डोळे पुसले. त्यांची मानही तिच्याइतकीच ताठ झाली होती.

"हो," ते म्हणाले, "मीच शिकवलाय तो."